रबर स्टॅम्प आणि रंगीत शाईची फुलांची कार्डं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ड करायला घेतलं की सगळ्यांना साधारण तेच प्रश्न पडतात, वर्गात पण तेच विचारतात आणि मेसेजमध्ये पण, म्हणून सगळं एकाच जागी लिहून ठेवतेय. वरपासून खालपर्यंत वाचायलाच पाहिजे असं नाही, जिथे अडलंय तिथलं वाचा. एक गोष्ट मात्र आधीच सांगते कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती येणार आहे. दुकानात मिळणारे फुलांचे स्टॅम्प बहुतेक गुलाब, पिओनी, डेझी, चेरी ब्लॉसम असले असतात, सुंदरच असतात, पण आपल्या दारात पारिजात पडतो, कुंडीत जास्वंद असते, रस्त्याच्या कडेला तामण फुललेला असतो आणि ही फुलं कार्डावर फारशी कुणी आणत नाही. ती आणायची. त्यासाठी महागडं सामान लागत नाही, फूल हातात घेऊन नीट बघायला लागतं.

सुरुवातीला काय काय घेऊ? यादी द्या ना.

एक फुलाचा स्टॅम्प, एक पानाचा, तीन इंक पॅड म्हणजे एक गुलाबी किंवा लाल, एक हिरवं, एक काळं किंवा गडद तपकिरी, जाड पांढरा कागद, आणि स्टॅम्प क्लिअर म्हणजे आरपार दिसणारा असेल तर तो चिकटवून धरायला ॲक्रिलिकचा ब्लॉक. बास. कात्री, पट्टी, फेव्हिकॉल घरात असतंच, फक्त कागदावर कागद चिकटवताना फेव्हिकॉल जरा जास्त झालं की कागद फुगतो आणि लाटा येतात, त्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. ऑनलाइन मोठमोठे सेट दिसतात, एवढ्यात घेऊ नका. एकच फूल आणि एकच पान घेऊन ते फिरवून, अर्धं कागदाबाहेर काढून, फिकं-गडद करून किती प्रकार होतात ते आधी बघा, मग काय कमी पडतंय ते आपोआप कळतं.

पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि त्याला लागून असलेली अब्दुल रहमान स्ट्रीट, इथे एक चक्कर मारलीत तर बरंच काही मिळतं. बाहेरच्या देशातल्यांना सोपं आहे, अमेरिकेत मायकल्स, इंग्लंडात हॉबीक्राफ्ट.

लाल रबराचा स्टॅम्प चांगला की क्लिअर?

दोन्ही चांगले, काम वेगळं. लाल रबर वर्षानुवर्षं टिकतं, बारीक रेघ स्वच्छ उमटते, पण आरपार दिसत नाही त्यामुळे नेमका कुठे पडणार ते अंदाजाने ठरवावं लागतं. क्लिअर म्हणजे फोटोपॉलिमरचा स्टॅम्प ब्लॉकला नुसता चिकटतो, आरपार दिसतो, आणि फुलांसाठी हीच मोठी सोय आहे कारण पाकळीवर पाकळी, देठावर फूल असं बरोबर जागेवर बसवता येतं. क्लिअर स्टॅम्प उन्हात ठेवला की पिवळा पडतो, कामाला तसा चालतो. एकदम स्वस्त सिलिकॉनचे पण क्लिअर म्हणून विकतात, त्यांच्यावर शाईचे थेंब थेंब होतात आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा येतो.

ऑफिसचं जांभळं स्टॅम्प पॅड घरात आहे, त्याने चालेल का?

सरावाला चालेल. ती शाई ऑफिसच्या साध्या कागदासाठी केलेली असते, पॅडमध्ये महिनोन्महिने ओली राहावी अशी, त्यामुळे चकचकीत किंवा कोटिंगवाल्या कार्डावर ती सुकतच नाही आणि हात लागला की पसरते. खरखरीत, कोटिंग नसलेल्या कागदावर मात्र गडद जांभळा ठसा छान बसतो, गोकर्णासारख्या फुलाला तो रंग शोभतोही.

डाय इंक, पिगमेंट इंक, आर्काइव्हल, डिस्ट्रेस... नक्की कुठली घेऊ?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि कार्ड बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच, म्हणून सविस्तर सांगते.

डाय इंक पातळ असते, कागदात मुरते, पटकन सुकते आणि पारदर्शक असते, म्हणजे खालचा रंग वरून दिसतो. पाकळीवर पाकळी आली की जिथे दोन्ही एकमेकींवर येतात तिथे रंग गडद होतो आणि फूल जिवंत वाटायला लागतं, म्हणून फुलांसाठी मी आधी डाय इंकच घ्यायला सांगते. तिची उणी बाजू म्हणजे ऊन. खिडकीत ठेवलेलं कार्ड काही महिन्यांत फिकं पडतं, गुलाबी आणि जांभळे रंग तर लवकरच.

पिगमेंट इंक दाट असते, रंगाचे बारीक कण कागदाच्या वरच बसतात, सुकायला वेळ लागतो पण रंग उन्हात जास्त टिकतो आणि गडद कागदावर पण दिसतो. पांढरं, सोनेरी, चंदेरी हवं असेल तर पिगमेंटच. चकचकीत कागदावर ती स्वतःहून सुकायची वाट बघत बसू नका, उष्णता द्यावी लागते.

आता खरी गोम. तुम्ही फुलाची फक्त बाहेरची रेघ स्टॅम्पने मारून आत हाताने रंग भरणार असाल तर आधी ठरवा की रंग कशाने भरणार, आणि त्यावरून शाई निवडा. वॉटरकलर किंवा पाण्याचा ब्रश वापरणार असाल तर रेघ सुकल्यावर पाण्याला दाद देणार नाही अशी शाई पाहिजे, रेंजर कंपनीची आर्काइव्हल, किंवा व्हर्साफाइन. अल्कोहोल मार्कर, म्हणजे पाण्याऐवजी अल्कोहोलची शाई असलेली स्केच पेनं, वापरणार असाल तर मेमेंटो घ्या. स्टेझऑन पाण्याला पक्की असते, अगदी काचेवर आणि प्लास्टिकवर पण बसते, पण ती सॉल्व्हंटची शाई असल्यामुळे अल्कोहोल मार्कर फिरवला की काळी रेघ विरघळून पाकळीत उतरते आणि तासाभराचं काम वाया जातं. व्हर्साफाइन, मेमेंटो आणि स्टेझऑन तिन्ही त्सुकिनेको या एकाच जपानी कंपनीच्या, डब्या पण सारख्याच वाटतात, म्हणून नाव वाचून घ्या.

डिस्ट्रेस इंक उलट्या स्वभावाची आहे, पाणी लागलं की ती मुद्दामच पसरते. स्टॅम्पवर डिस्ट्रेस लावायची, वरून बारीक पाण्याचा फवारा मारायचा आणि वॉटरकलरच्या कागदावर उमटवायचं, रंग आपले आपण एकमेकांत मिसळतात आणि हाताने रंगवल्यासारखं फूल मिळतं. तेरड्यासारख्या नाजूक फुलाला हे फार छान दिसतं.

कागद कुठला? झेरॉक्सच्या कागदावर होत नाही का?

झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), सरावाला उत्तम, कार्डाला नाही, उभंच राहत नाही. कार्डाच्या मुख्य कागदाला २५० ते ३०० जीएसएम घ्या, गुळगुळीत आणि कोटिंग नसलेला. ए४ कागद मधोमध कापला की ए५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर, त्याची घडी घातली की १०५ बाय १४८ चं कार्ड तयार आणि त्याला सी६ पाकीट बरोब्बर बसतं, ते ११४ बाय १६२ असतं. पाकिटाचा विचार कागद कापायच्या आधी करायचा बरं का, नंतर त्या मापाचं पाकीट शोधत दुकानं पालथी घालावी लागतात.

वॉटरकलरचा कागद ३०० जीएसएमचा मिळतो, त्यातला कोल्ड प्रेस्ड खडबडीत असतो, त्याच्यावर बारीक रेघेचा स्टॅम्प तुटक येतो. हॉट प्रेस्ड गुळगुळीत असतो, रेघ मारून रंग भरायचा असेल तर तोच.

हातकागदाबद्दल खूप जण विचारतात. पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी मार्गावर हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. सुती चिंध्यांचा कागद, झाड न तोडता केलेला, हाताला इतका छान लागतो की त्यावर फार काही करावंसंच वाटत नाही. पण तो शाई पितो आणि पृष्ठभाग सपाट नसतो, म्हणून त्याच्यावर ठळक, भरीव आकाराचे स्टॅम्प वापरा, भरपूर शाई लावा आणि जरा जोर लावून दाबा. माझी आवडती पद्धत म्हणजे फूल गुळगुळीत कागदावर उमटवायचं, कापायचं आणि मग हातकागदाच्या कार्डावर चिकटवायचं, दोन्हीचं चांगलं ते मिळतं.

घडी घालताना कागदाचा धागा बघा. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा, ज्या दिशेने सहज वाकतो तिकडे घडी. आधी संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून खाच पाडा, मगच दुमडा, नाहीतर जाड कागद घडीवर फाटून पांढरा दिसतो.

ठसा अर्धवट येतो, मध्ये पांढरं राहतं. दाबते तरी भरपूर.

दाबण्याचा प्रश्न नसतो बहुतेक वेळा. नवीन स्टॅम्पवर कारखान्यातला तेलकट थर असतो, शाई त्यावरून सरकते. पांढऱ्या खोडरबराने स्टॅम्पचा चेहरा हलकेच घासा, ओल्या फडक्याने पुसा, मग बघा. दुसरं म्हणजे शाई लावताना स्टॅम्प पॅडवर आपटू नका, पॅड उचलून स्टॅम्पवर हलके हलके टेकवा, चारी बाजूंनी, आणि उजेडात तिरपा धरून बघा की सगळीकडे ओली चमक आहे का. तिसरं, कागदाखाली पातळ फोमशीट किंवा जुनं मासिक ठेवा, टेबल सपाट दिसलं तरी नसतं. दाबताना स्टॅम्प डुलवू नका, डुलवला की कडेच्या रबराचे नको ते डाग पडतात.

ठसा फिका आलाच तर त्याच जागी परत मारायला स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म नावाचं साधन मिळतं, कागद आणि स्टॅम्प दोन्ही जागच्या जागी राहतात. सुरुवातीला लागत नाही. मोठे भरीव ठसे खूप करायचे असतील तर तेव्हा घ्या.

एकाच फुलात दोन-तीन छटा कशा आणतात?

तीन रस्ते आहेत, सोप्यापासून सांगते.

एकदाच शाई लावून दोनदा उमटवायचं. पहिला ठसा गडद, शाई न लावता लगेच दुसरा मारला की तो फिका. गडद फुलं पुढे, फिकी मागे, एका पॅडमध्ये खोली मिळते.

दुसरा, स्टॅम्पवरच दोन रंग. आधी पूर्ण स्टॅम्पला फिका रंग, मग फक्त कडेला किंवा फक्त मध्यभागी गडद पॅडचा कोपरा टेकवायचा. फिका आधी, गडद नंतर, हा क्रम मोडायचा नाही कारण उलटं केलं तर फिकं पॅड कायमचं घाण होतं. मग स्टॅम्पवर तोंडाने हळूच हाऽ करून वाफ सोडायची, दोन रंगांच्या मधली रेघ मऊ होते, आणि लगेच उमटवायचं.

तिसरा म्हणजे लेयरिंगचे स्टॅम्प, एकाच फुलाचे तीन-चार तुकडे असतात, सगळ्यात मोठा भरीव आकार फिक्या रंगात, त्यावर मधल्या छटेचा, त्यावर बारीक रेघांचा गडद. शेवंती आणि झेंडू असेच करायचे. तुकडे अगदी तंतोतंत जुळले नाहीत तरी चालतं, खऱ्या झेंडूच्या पाकळ्या कुठे एकसारख्या असतात.

पांढरी फुलं कशी करायची? मला पारिजात हवाय.

हा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं. आधी पारिजाताचं फूल तळहातावर घ्या. पाकळ्या पाच ते आठ असतात, प्रत्येकीच्या टोकाला छोटी खाच, सगळ्या किंचित एकाच बाजूला पिळलेल्या, मध्ये केशरी ठिपका आणि तोच केशरी रंग मागच्या नळीसारख्या देठात. आणि झाडाखाली बघितलंत तर कितीतरी फुलं उपडी पडलेली असतात, म्हणजे पांढऱ्या चांदणीवर केशरी देठ उभा. म्हणून कार्डावर सगळी फुलं समोरून दाखवली की ती खोटी वाटतात, दोन-तीन तरी उपडी पाहिजेत.

स्टॅम्प खोडरबरातून कोरायचा, पाच-सहा पाकळ्यांची पिळलेली चांदणी, साधारण दोन सेंटिमीटरची, कोरण्याचं पुढे लिहिलंय. मधल्या ठिपक्यासाठी पेन्सिलच्या मागचं गोल रबर वापरा, त्याहून चांगला गोल स्टॅम्प बाजारात शोधून मिळणार नाही, मोठा वाटला तर ब्लेडने थोडा छाटा.

गडद हिरव्या किंवा मातकट कागदावर करायचं असेल तर पांढरी पिगमेंट इंक. डाय इंकमध्ये पांढरा रंग नसतो आणि पारदर्शक असल्यामुळे गडद कागदावर कुठलाच फिका रंग दिसत नाही. पांढरे ठसे मारून कार्ड रात्रभर बाजूला ठेवा, पूर्ण सुकल्यावरच केशरी ठिपका द्या, घाई केली तर केशरी पांढऱ्यात फिरतो आणि कळकट पिवळा होतो. उपड्या फुलांना देठ केशरी जेल पेनने काढा.

पांढऱ्याच कागदावर करायचं असेल तर मला ही पद्धत जास्त आवडते. फिकं राखाडी डाय इंक घ्या, स्टॅम्पला लावा, पहिला ठसा रद्दी कागदावर मारा आणि दुसरा कार्डावर. जी जेमतेम दिसणारी राखाडी छटा उरते ती सावलीतली पांढरी पाकळीच वाटते. मग केशरी ठिपके. मग फुलांच्या आजूबाजूला स्पंजने अगदी पुसट हिरवा किंवा पहाटेसारखा निळसर रंग, की पाकळ्या उठून येतात. मोगरा, तगर, अनंत सगळं याच पद्धतीने होतं.

आणि जास्वंद?

अख्खं फूल कोरू नका, एकच पाकळी कोरा आणि ती गोल फिरवत पाच वेळा मारा, प्रत्येक पाकळी शेजारणीवर थोडी चढलेली. पूर्ण पाकळीला लाल, बुडाला मरून टेकवायचा, म्हणजे पाचही जमल्या की मध्ये आपोआप गडद डोळा तयार होतो. मधला लांब तुरा ब्रश पेनने एका झटक्यात, सरळ न काढता थोडा वाकलेला, आणि त्याच्या टोकाकडे पिवळे ठिपके. पिवळे ठिपके डाय इंकने दिलेत तर लालावर दिसणारच नाहीत, पिगमेंट किंवा पोस्टर कलर पाहिजे.

पान फुलाच्या मागे गेलंय असं कसं दाखवतात?

मास्किंग. जे पुढे दिसायला हवं ते आधी उमटवायचं. म्हणजे आधी फूल, मग त्याच फुलाचा ठसा चिकटचिठ्ठीच्या म्हणजे स्टिकी नोटच्या कागदावर, चिकट पट्टीचा भाग आत येईल असा, तो आतल्या बाजूने कापायचा, कार्डावरच्या फुलावर चिकटवायचा, आणि बिनधास्त पान अर्धं त्याच्यावर मारायचं. चिठ्ठी काढली की पान फुलामागे. कापताना रेघेच्या जराशी आतून कापा, बाहेरून कापलं तर फूल आणि पान यांच्यामध्ये पांढरी फट राहते.

माझे रंग एकमेकांत गेले की चिखल होतो.

डाय इंक पारदर्शक असल्यामुळे रंग एकमेकांवर आले की मिसळतात. पिवळ्यावर गुलाबी आलं तर केशरी होतं, ते छान. पण लालावर हिरवं किंवा पिवळ्यावर जांभळं आलं की तपकिरी चिखल. त्यामुळे असे रंग शेजारी ठेवा, एकमेकांवर नको. कासच्या पठाराचं उदाहरण घ्या, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेलं ते पठार. पावसाच्या शेवटी तिथे तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा जांभळट निळा एकाच वेळी असतो आणि डोळ्याला कुठेच खटकत नाही, कारण प्रत्येक रंगाचे मोठे पट्टे असतात आणि मध्ये हिरवं असतं. कार्डावर पण तेच करा, तीन रंगांचे गट, मध्ये हिरव्याला जागा, आणि एक रंग बाकीच्या दोघांपेक्षा बराच जास्त.

खोडरबरातून स्टॅम्प कोरायचा म्हणजे नक्की कसा?

मोठं, मऊ, पांढरं खोडरबर घ्या. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने फूल काढा, तो कागद पेन्सिलीची बाजू खाली करून रबरावर ठेवा आणि नखाने घासा, चित्र रबरावर उतरतं आणि उलटं पण होतं, म्हणजे ठसा सुलटा येणार.

कोरायला लिनोकटची छोटी व्ही आकाराची पाती मिळते, ती नसेल तर कटर. रेघेच्या बाहेरून, पातं बाहेरच्या बाजूला तिरपं धरून कापायचं, म्हणजे वरचा आकार अरुंद आणि खाली पाया रुंद राहतो. आतल्या बाजूला तिरपं कापलं तर पाकळीच्या खालची माती काढल्यासारखं होतं आणि दाबल्यावर ती पाकळी दुमडते. वळण आलं की पातं वळवू नका, रबर फिरवा. मुलं असतील तर कोरायचं काम मोठ्यांनी, शाईचं मुलांनी.

पहिल्यांदा तामण कोरा असं मी सांगते. आपलं राज्यफूल आहे, उन्हाळ्यात झाडं जांभळी होतात, आणि आकार कोरायला सोपा. सहा पाकळ्या, कडा चुण्या पडलेल्या, म्हणजे हात थोडा हलला तरी बिघडत नाही, उलट खऱ्यासारखी दिसते. प्रत्येक पाकळी बुडाशी एकदम बारीक देठासारखी होते आणि त्यामुळे मध्याजवळ पाकळ्यांच्या मध्ये फटी दिसतात, त्या फटी ठेवा, त्या बुजवल्या तर कुठलंही फूल वाटेल. मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका, तो ठिपक्यांनी.

कोरलेली खोडरबरं प्लास्टिकच्या डबीत उघडी ठेवू नका, काही प्लास्टिकला ती चिकटून वितळल्यासारखी होतात. कागदात गुंडाळून ठेवा.

शिक्के बनवून देणाऱ्याकडून फुलाचा स्टॅम्प करून मिळतो का?

हो, आणि ही सोय फारच कमी लोक वापरतात. काळ्या-पांढऱ्यात स्वच्छ चित्र द्या, राखाडी छटा चालत नाही, केसासारख्या बारीक रेघा पण नकोत. चित्र उलटं करून नेऊ नका, ते त्यांचे ते करतात. आणि आवर्जून सांगा की साधा मुठीचा शिक्का पाहिजे. शाई आतच भरलेला किंवा आपोआप शाई लागणारा दिला तर एकाच रंगात अडकाल.

भेंडीचे ठसे कार्डावर चालतील?

का नाही! पाच कंगोरे, मध्ये बियांची घरं, आयतं पाच पाकळ्यांचं फूल. कापलेली भेंडी आधी थोडा वेळ वर्तमानपत्रावर उपडी ठेवा, चिकटपणा टिपला जातो. इंक पॅडवर भेंडी टेकवू नका, पॅड खराब होईल, स्पंजला पोस्टर कलर लावून त्याच्यावर टेकवा. पानांसाठी खरं पान घ्या, उलट्या बाजूने रंग लावा कारण शिरा तिकडेच उठावदार असतात.

हळद, बीट असल्या घरच्या रंगांनी करू का?

करायला मजा येते, ठेवायला नाही. हळद उजेडात फार लवकर उडते, आणि चुना किंवा साबण लागला तर लाल होते, कुंकू याच गुणावर करतात. बीट आज सुंदर गुलाबी, नंतर तपकिरी. ज्या कार्डाने दिवस साजरा करून काम संपतं तिथे वापरा, जपून ठेवायच्या कार्डाला नाही.

उठावदार सोनेरी फुलं असतात ती कशी? हेअर ड्रायरने होईल का?

हीट एम्बॉसिंग म्हणतात त्याला. व्हर्सामार्कसारखी चिकट पारदर्शक शाई किंवा पिगमेंट इंक लावून ठसा मारायचा, ओला असतानाच एम्बॉसिंग पावडर टाकायची, जास्तीची कागदावर झटकून परत बाटलीत भरायची आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, तापवायचं, पावडर वितळून चमकायला लागली की लगेच पुढे सरकायचं. हेअर ड्रायर नको, वारा जोरात आणि उष्णता कमी, पावडर उडून जाते. हीट गन नसेल तर गरम इस्त्री उलटी नीट आधार देऊन ठेवून कार्ड चिमट्याने तिच्यावर धरतात, मोठ्यांनीच करा.

ठसा मारायच्या आधी कागदावर मलमलच्या पुरचुंडीतून जराशी टाल्कम पावडर फिरवा, नाहीतर सोनेरी कण सगळीकडे चिकटून राहतात. दिवाळीच्या कार्डाला कमळाची सोनेरी बाह्यरेषा आणि आत फिका गुलाबी, याला दुसरं काही लागत नाही.

पावसाळ्यात शाई सुकत नाही, कार्डं वाकतात.

कागद हवेतलं पाणी ओढून घेतो, कोकणात आणि मुंबईत जुलैत तर फारच. कागद बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, लागेल तेवढाच बाहेर काढा. पिगमेंट इंक त्या महिन्यांत शक्यतो टाळा नाहीतर हीट गन फिरवा. झालेली कार्डं एकावर एक रचू नका, मध्ये कोरा कागद घाला, वर जाड पुस्तक ठेवा. उन्हाळ्यात उलट पॅड कोरडी पडतात, झाकण घट्ट लावून पॅड उपडी ठेवा म्हणजे शाई वरच्या बाजूला राहते.

मराठी शुभेच्छांचे स्टॅम्प मिळत नाहीत, काय करू?

फार थोडे मिळतात, खरं आहे. 'शुभ दीपावली', 'तिळगूळ घ्या गोड गोड बोला', 'अभिनंदन' असे दोन-चार शब्द शिक्केवाल्याकडून करून घ्या. अक्षरं मोठी आणि जरा सुटी ठेवा, लहान केली की अनुस्वार आणि जोडाक्षरातल्या पोकळ्या शाईने भरतात आणि वाचताच येत नाहीत. आणि हाताने लिहिलं तरी सुंदरच दिसतं हो, अक्षर कसंही असू दे, ज्याला कार्ड मिळतं तो आधी अक्षर बघतो.

स्टॅम्प कसे धुवायचे?

काम झाल्या झाल्या ओल्या फडक्याने. अल्कोहोल नसलेले बेबी वाइप्स पण चालतात. कोपऱ्यात शाई बसली तर जुना मऊ टूथब्रश. स्टेझऑन पाण्याने निघत नाही, तिचं वेगळं क्लीनर मिळतं, क्लिअर स्टॅम्पवर ते जपून. डाग राहिला तर राहू दे, ठशात उतरत नाही.

केलेली कार्डं विकू शकते का?

स्वतः कोरलेल्या स्टॅम्पची खुशाल. विकतच्या स्टॅम्पवरचं चित्र कुणाचं तरी असतं, बऱ्याच कंपन्या हाताने केलेली कार्डं विकायला परवानगी देतात, त्याला एंजल पॉलिसी म्हणतात, अटी कंपनीगणिक वेगळ्या, त्यांच्या साइटवर वाचा. ठसा स्कॅन करून छापून विकायला मात्र सहसा कुणीच परवानगी देत नाही.

हळदीकुंकवाला पन्नास कार्डं हवीत, कसं जमायचं?

एक एक कार्ड पूर्ण करत बसू नका. सगळे कागद कापून घड्या घाला, मग सगळ्यांवर फुलं, मग सगळ्यांवर पानं, मग मजकूर. एका वेळी एकच पॅड उघडं, त्यामुळे रंगांची सरमिसळ होत नाही आणि पन्नासावं होईपर्यंत पहिलं सुकलेलं असतं. आठ-दहा कागद जास्तीचे कापा.

पोस्टाने पाठवलं तर खराब होतं का?

सपाट असेल तर नीट पोचतं. वजन बघा, साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ३०० जीएसएमचा ए५ कागद साधारण सव्वानऊ ग्रॅम, त्यावर २०० जीएसएमचा कार्डाएवढा तुकडा चिकटवला तर अजून तीन, पाकीट चार-पाच, म्हणजे १७ च्या आसपास झालं, अजून थोडी जागा आहे. फोम टेप, मणी, बटणं लावलीत की २० ओलांडतं आणि तिकीट कमी पडलं तर ज्याला कार्ड पाठवलंय त्याच्याकडून पोस्टमन पैसे मागतो. एम्बॉसिंग केलेल्या भागावर बटर पेपरचा तुकडा ठेवून मगच पाकिटात घाला. पत्ता बॉलपेनने लिहा, पावसात जेल पेन आणि शाईचं पेन पसरतं. आणि मणी वगैरे लावलेलं जाड कार्ड पेटीत टाकू नका, काऊंटरवर वजन करून द्या.